पडद्यावरचा डॉक्टर आणि रिकामी खुर्ची



गेल्या काही बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे. गावच्या उपकेंद्रात आता कॉम्प्युटर आला, त्यावर मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर दिसतो, त्याच्याशी बोलता येते. आता तालुक्याला हेलपाटे घालायचे कारण उरले नाही, असे साहेब लोक सांगतात. हे खरे मानायचे का? याचे स्वागत करायचे, की विरोध करायचा? टाळ्या वाजवून किंवा घोषणा देऊन याचे उत्तर मिळणार नाही. हिशेब मांडावा लागेल. तो आम्ही येथे मांडतो.

आम्ही यंत्राचे वैरी नाही

कोरडवाहू शेतकऱ्याला नवे तंत्र नको असते, ही शहरातल्या विद्वानांची आवडती समजूत आहे. ती खोटी आहे. उपयोगाचे बियाणे, उपयोगाचे अवजार आम्ही कुणी शिकवायला येण्याची वाट न बघता उचलले. आमचा सवाल एकच असतो. याने माझे काम होते का, आणि बिघडले तर जबाबदार कोण?

दूरवरच्या डॉक्टरचा फायदा आम्हाला दिसतो. बीपीची किंवा शुगरची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला जिल्ह्याला न्यायचे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको. काळीपिवळीत कोंबून जायचे, रांगेत दुपार घालवायची, दोन मिनिटांत डॉक्टर "गोळ्या तशाच चालू ठेवा" म्हणणार, आणि परत यायचे. भाडे गेले, बरोबर गेलेल्याचा रोज बुडाला, वेचणीच्या दिवसांत कापूस झाडावरच राहिला. तेच दोन मिनिटांचे बोलणे उपकेंद्रात झाले आणि गोळ्याही तिथेच मिळाल्या, तर त्याला नाही म्हणणारा वेडाच म्हटला पाहिजे.

सरकारने ई-संजीवनी ही सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये उपकेंद्रांसाठी सुरू केली. कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, ती घरबसल्या मोबाईलवरही उघडली. फेब्रुवारी 2023 पर्यंत दहा कोटी सल्ले झाल्याचे सरकारने जाहीर केले. आकडा लहान नाही. पण बाजार समितीत किती गाड्या लागल्या, यावरून शेतकऱ्याच्या हातात काय पडले ते कळत नाही. तसेच किती सल्ले झाले, यावरून किती माणसे बरी झाली ते कळत नाही.

एक दिवस उपकेंद्रात

मागच्या पावसाळ्यात आम्ही पाच जण एका उपकेंद्रात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाईंचा दोष नाही आणि त्यांच्यावर शेकायला नको. लाइट दोनदा गेली. रेंज येईना म्हणून लॅपटॉप उचलून व्हरांड्यात आणावा लागला. ई-पीक पाहणीच्या वेळी मोबाईल धरून आम्ही धुऱ्याधुऱ्याने फिरलो होतो, त्याची आठवण झाली. दुपारी डॉक्टर लागला. भला माणूस होता, आपुलकीने बोलला. त्याने तीन औषधे लिहून दिली. कपाटात त्यातले एक होते. उरलेली दोन बाहेरून घ्या, म्हणजे तालुक्याला जा. हेलपाटा चुकला नाही, फक्त त्याचे कारण बदलले.

एक बाई पदर तोंडाला लावून आली. तिचे दुखणे बायकांचे होते. पडद्यावर पुरुष डॉक्टर, मागे उघडे दार, दारात रांग आणि रांगेत दीर. ती "कंबर दुखते" एवढेच बोलली आणि कंबरेची गोळी घेऊन गेली. वहीत तिचा सल्ला पुरा झाला म्हणून नोंद पडली. दिवस मावळताना उपकेंद्राच्या बाई म्हणाल्या, रोजचे ठरलेले सल्ले भरले नाहीत तर वरून विचारणा होते. म्हणून साध्या सर्दीवालाही कॉम्प्युटरपुढे बसवावा लागतो, आणि गरोदर बाईला तपासायला वेळ उरत नाही.

यात कुणी चोर नाही. डॉक्टर प्रामाणिक, बाई प्रामाणिक, रोगी प्रामाणिक. तरी काम झाले नाही. असे का होते ते समजून घ्यायचे, तर जिथे काम झाले तिथे काय होते ते पाहिले पाहिजे.

जिथे जमले, तिथे काय होते?

आपल्या देशात या प्रकाराचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात, अरागोंडा गावी. मार्च 2000 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते ही सेवा जाहीर झाली आणि गाव नकाशावर आले. पण पुढची गोष्ट भाषणांत कुणी सांगत नाही. अरागोंडा हे अपोलो दवाखान्यांच्या संस्थापकांचे जन्मगाव. तिथे त्यांनी आधी पन्नास खाटांचा दवाखाना बांधला होता, तपासणीची यंत्रे बसवली होती. मग त्या दवाखान्याला चेन्नईच्या मोठ्या डॉक्टरांशी जोडले. तार दवाखान्याला जोडली होती, रिकाम्या खोलीला नव्हे.

दुसरे उदाहरण तामिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे. त्यांनी 2004 च्या सुमारापासून लहान गावांत डोळे तपासण्याची केंद्रे उघडली. केंद्रात डॉक्टर नसतो. पण डोळा पाहण्याचे यंत्र असते, आणि ते चालवायला शिकवलेली, पगारावरची, रोज हजर असणारी मुलगी असते. ती तपासते, चित्र पाठवते, डॉक्टर रोग्याशी बोलतो. चष्मा लागला तर तिथेच मिळतो. मोतीबिंदू निघाला तर पुढे कुठे जायचे आणि शस्त्रक्रिया कुठे होईल, ते ठरलेले असते. म्हणजे गावातला हात, गावातले यंत्र, गावातले औषध आणि पुढची वाट, हे चारही आधी उभे केले. मग तार जोडली.

आपल्या विदर्भातही हाच धडा आहे, आणि त्याला तारही लागली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोष ओळखणे, औषध देणे. बालमृत्यू किती उतरले त्याचा हिशेब 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला: नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. गावातल्या बाईच्या हातात विद्या आणि औषध दोन्ही दिले, तर काय होते ते जगाने पाहिले. आज आशाताई घरोघर जाऊन बाळ पाहतात, त्याचे मूळ तिथे आहे.

रवांडाची गोष्ट

आता जरा लांब जाऊ. आफ्रिकेत रवांडा नावाचा लहानसा देश आहे. डोंगराळ, शेतीवर जगणारा, डॉक्टर फार थोडे. तिथे 2016 मध्ये लंडनच्या बॅबिलॉन कंपनीने 'बाबिल' नावाची फोनवरच्या डॉक्टरची सेवा सुरू केली. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ होते. स्मार्टफोन लागत नव्हता, साध्या मोबाईलवर काम होई. आधी नर्स बोले, गरज असेल तर डॉक्टर. औषधाचा किंवा तपासणीचा नंबर मेसेजने येई, तो दाखवून औषध घ्यायचे. वीस लाखांहून जास्त लोकांनी नावे नोंदवली. 2020 मध्ये सरकारने कंपनीशी दहा वर्षांचा करार केला आणि लोकांच्या आरोग्य विम्यातून त्याचे पैसे द्यायचे ठरले. गरीब देशांसाठी नमुना म्हणून जगभर त्याचे कौतुक झाले.

2023 मध्ये लंडनची कंपनी बुडाली. रवांडातल्या शेतकऱ्याने तिचे काही वाकडे केले नव्हते. तोटा झाला होता तो परक्या देशात, शेअर बाजारात. पण दोरी त्यांच्या हातात होती. दहा वर्षांचा करार तीन वर्षांत संपला आणि फोन बंद झाला.

त्या देशात राहिले ते काय? गावागावातून निवडलेले आरोग्यसेवक राहिले. मलेरियाची तपासणी करणारे, लेकरांना औषध देणारे, गावातच घर असणारे. कंपनी गेली तरी ती माणसे गेली नाहीत. भावांनो, ज्या विहिरीचा दोर दुसऱ्याच्या घरात आहे, तिच्या भरवशावर कुणी कपाशी लावत नाही. आरोग्याची सेवा सरकारच्या नावाने असो की कंपनीच्या, दोर कुणाच्या हातात आहे हे आधी विचारा.

साप, विंचू आणि फवारा

आमच्या जिवावर बेतते ते कशाने? रात्री पाणी द्यायला गेल्यावर पायाखाली येणारा साप, ज्वारीच्या कडब्यातला विंचू आणि पाठीवरचा फवारा पंप. दूरच्या डॉक्टरची खरी परीक्षा येथे आहे.

सापाच्या दंशाने देशात दरवर्षी सुमारे 58 हजार माणसे मरतात, असा अभ्यासकांचा हिशेब 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यातली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. ते फोनमधून येत नाही. ते फ्रिजमध्ये असावे लागते, किंवा भुकटीच्या कुप्यांत कपाटात असावे लागते. पण ऐका, येथे फोनचा मोठा उपयोगही आहे. पुष्कळदा प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष असते, तरुण डॉक्टरही असतो, पण टोचल्यावर रोग्याला रिॲक्शन आली तर काय, या भीतीने तो हात लावत नाही आणि पुढे पाठवतो. रोगी वाटेत मरतो. त्या डॉक्टरला त्या क्षणी जाणत्या डॉक्टरचा आवाज हवा असतो: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घे, वीस मिनिटे हलवू नकोस, मग तिरपी करून बघ. गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे समज. पापण्या मिटत असतील तर नाग किंवा मण्यार. ॲड्रिनलिन हाताशी ठेव आणि दहा कुप्यांनी सुरुवात कर. मी फोनवर आहे.

हा खरा दूरचा डॉक्टर. रोग्याने मोबाईलवर सर्दी दाखवायची आणि त्याने पडद्यावरून मान हलवायची, त्याहून हा शंभर पटीने मोलाचा. विंचवाचेही तसेच. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू रोखून दाखवले, आणि ती विद्या कोकणातून जगभर गेली. विद्या लांब जाऊ शकते. पण पोचेल तिथे गोळी असली पाहिजे.

फवारणीचे विसरू नका. 2017 च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषाने गेले. शेकडो दवाखान्यांत पडले. विषबाधेत माणसाच्या तोंडाला फेस येतो, छाती भरते, श्वास कोंडतो. त्याला ॲट्रोपीन लागते, ऑक्सिजन लागतो, कधी श्वासाचे यंत्र लागते. पडद्यावरच्या डॉक्टरला नळी घालता येत नाही. सरकारने मार्च 2020 मध्ये दूरच्या उपचाराचे जे नियम काढले, त्यातही हेच आहे: तातडीच्या रोग्याला प्रथमोपचार सांगा आणि लवकरात लवकर प्रत्यक्ष दवाखान्यात पोचवा. पोचवायचे तर 108 ची गाडी वेळेवर आली पाहिजे, पावसाळ्यात पांदण रस्ता पार झाला पाहिजे आणि पुढच्या दवाखान्यात खाट असली पाहिजे.

विषबाधेबाबत एक गोष्ट मात्र आजच लिहून ठेवा. दिल्लीच्या एम्समध्ये विषाची माहिती देणारे केंद्र 1995 पासून आहे, त्याचा फुकट फोन 1800 116 117. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा बरोबर न्या. डॉक्टरला डब्यावरचे नाव सांगता आले, तर अर्धी लढाई तिथे जिंकली जाते.

"काहीच नसण्यापेक्षा बरे"

साहेबांचा शेवटचा युक्तिवाद असा: डॉक्टर खेड्यात यायलाच तयार नाहीत, मग काहीच नसण्यापेक्षा हे बरे नाही का?

हे वाक्य कोरडवाहू माणसाने जन्मभर ऐकले आहे. पण "काहीच नाही" हे आभाळातून पडलेले नाही. तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सव्वा लाखाच्या आसपास लोकांमागे एक ग्रामीण रुग्णालय, हे सरकारचेच माप आहे. ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर सर्जन, बाळंतपणाचे डॉक्टर, लेकरांचे डॉक्टर आणि फिजिशियन मिळून गरजेच्या जवळपास 80 टक्के तज्ज्ञ नव्हते, असे 2021-22 च्या केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. आमची भीती ही आहे: पडदा लागला की खुर्ची रिकामी असल्याचे दिसेनासे होईल. विधानसभेत कुणी विचारले, तर मंत्री सल्ल्यांचा आकडा वाचून दाखवतील. बाळंतीण अडली, आतडे फुटले, हाड मोडले, तर आकडा काय करणार?

आणि पडदा तरी कुणापर्यंत पोचतो? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खेड्यातल्या शंभरातल्या पंचवीसही बायकांनी कधी इंटरनेट वापरले नव्हते. घरात मोबाईल असतो, पण तो पोराच्या खिशात असतो. आजारी पडते ती माय.

आपल्या आजाराची माहिती कुठे जाते, हेही विचारले पाहिजे. नाव, आधार, रोग, गोळ्या, सगळे कॉम्प्युटरात जाते. माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, पण कायदा पुस्तकात असतो आणि अंगठा आमचा असतो. दुखणे कर्ज देणाऱ्याला किंवा विमावाल्याला कळले, तर त्याचा भोग आम्हालाच.

थोडे आपल्याकडेही बघू. बोगस डॉक्टरने सलाईन लावले की आपल्याला बरे वाटते. ग्रामसभेत घरकुलाचे नाव निघाले की गर्दी होते, दवाखान्याचा विषय निघाला की माणसे उठून जातात. मन खचलेल्या शेजाऱ्याला आपण "दारू कमी कर" म्हणतो आणि पुढे चालतो. मनाच्या आजारासाठी 14416 हा सरकारचा टेली-मानस फोन ऑक्टोबर 2022 पासून आहे, रात्री-अपरात्री बोलता येते, आणि बोलणे हेच तिथले औषध असल्याने तिथे फोन खरोखर कामाचा आहे. तो नंबर आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पण त्या फोनवरचा माणूस बांधावर येऊन बसणार नाही. ते आपणच करायचे.

आपण काय मागायचे

आम्ही पडद्याला विरोध करीत नाही. तो अटींवर मान्य करतो. येत्या ग्रामसभेत खालील ठराव मांडावा आणि त्याची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला द्यावी:

1. पडद्यावरचा डॉक्टर जी नेहमीची औषधे लिहील, ती उपकेंद्रात त्याच दिवशी मिळाली पाहिजेत. कोणती शिल्लक आहेत ते रोज फळ्यावर लिहावे.

2. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष, ॲड्रिनलिन, ॲट्रोपीन, प्राझोसिन आणि ऑक्सिजन बारमाही असावा. खरिपाआधी समितीने प्रत्यक्ष कपाट उघडून पाहावे.

3. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला साप, विष आणि बाळंतपणासाठी चोवीस तास जाणत्या डॉक्टरचा फोन जोडून द्यावा.

4. उपकेंद्राच्या बाईंवर सल्ल्यांच्या आकड्याची सक्ती नको. काम मोजायचेच असेल तर रोगी बरा झाला का, ते मोजावे.

5. बायकांसाठी बंद दार आणि बाई डॉक्टर. मागेल तिला, मागेल तेव्हा.

6. पडदा बसला म्हणून एकही मंजूर पद रद्द करू नये. कोणते पद किती महिन्यांपासून रिकामे आहे, ते दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर लिहावे.

लेखी उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा बैठकीत सांगितले जाईल. प्रत्येक गावाने आपल्या आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या पदांची आणि प्रतिविषाच्या कुप्यांची मोजणी करून बैठकीला आणावी. कागदावर, तारीख घालून, मोजणाऱ्याच्या सहीने. गावागावांची ही मोजणी एकत्र झाली की साहेबांच्या आकड्यापुढे ठेवायला आपल्याजवळ आपला आकडा असेल. बोलणी त्यानंतर करू.